मार्विन गे

मार्विन गे (जन्म : २ एप्रिल १९३९, वॉशिंग्टन डी.सी.; मृत्यू : १ एप्रिल १९८४, लॉस एंजेलस) हे अमेरिकन गायक, गीतकार व संगीतनिर्माते होते. डेट्रॉइट शहरातील मोटाउन या ध्वनिमुद्रिका कंपनीचे ते आघाडीचे गायक होते. १९७१ साली प्रकाशित झालेला ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हा त्यांचा अल्बम विसाव्या शतकातील लोकप्रिय संगीतातील एक महत्त्वाची कृती मानला जातो. या अल्बमच्या आधी गे आणि कंपनी यांच्यात अनेक महिने संघर्ष चालला होता. त्यातून गे यांना स्वतःच्या संगीतावर अधिकार मिळाला.

बालपण

गे यांचे वडील एका लहान ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक होते, तर आई अल्बर्टा घरकाम करून संसार चालवीत असे. गे लहानपणापासून चर्चमध्ये गात असत. वडिलांची शिस्त अत्यंत कडक होती व मुलांना वारंवार मार बसे. पितापुत्रांमधील हे वैर अखेरपर्यंत मिटले नाही. १९५६ साली गे यांनी घर सोडून अमेरिकन हवाई दलात प्रवेश केला. परंतु तेथील शिस्त न मानवल्याने पुढील वर्षी त्यांना सेवेतून मुक्त करण्यात आले.

मोटाउनमधील कारकीर्द

हार्वी फुक्वा यांच्या मूनग्लोज या गायकवृंदात काही काळ गायल्यानंतर गे १९६० साली डेट्रॉइटला आले. बेरी गॉर्डी यांनी नुकत्याच स्थापन केलेल्या मोटाउनमध्ये त्यांनी आरंभी ड्रमवादक म्हणूनही काम केले. याच काळात त्यांनी आपल्या मूळ आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी ‘ई’ हे अक्षर जोडले. १९६३ साली गॉर्डी यांच्या भगिनी ॲना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९६८ साली ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपवाइन’ हे त्यांचे गाणे अमेरिकेत सलग सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

मोटाउनची कार्यपद्धती एखाद्या कारखान्यासारखी होती. गीतकार, निर्माते, वादक व गायक यांची कामे ठरलेली असत आणि कोणते गाणे प्रकाशित करावयाचे याचा निर्णय कंपनीच्या बैठकीत होई. गाण्यांचा विषय बहुधा प्रेम हाच असे. वादकांची नावे तबकडीच्या वेष्टनावर छापली जात नसत.

‘व्हॉट्स गोइंग ऑन’ची पार्श्वभूमी

१९६७ पासून गे यांनी टॅमी टेरेल यांच्यासमवेत गायलेली युगुलगीते विशेष लोकप्रिय झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हर्जिनिया राज्यातील एका कार्यक्रमात टेरेल रंगमंचावर गे यांच्या बाहूंत कोसळल्या. त्यांना मेंदूची गाठ असल्याचे निष्पन्न झाले व १६ मार्च १९७० रोजी वयाच्या २४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. या आघाताने गे खचले व त्यांनी जाहीर कार्यक्रम करणे थांबविले. याच सुमारास त्यांनी डेट्रॉइट लायन्स या व्यावसायिक फुटबॉल संघात प्रवेश मिळविण्याचाही प्रयत्न केला. मात्र त्यांची निवड झाली नाही.

गे यांचे धाकटे बंधू फ्रँकी व्हिएतनाम युद्धात सैनिक होते. त्यांच्या पत्रांतून व परतल्यानंतरच्या कथनातून युद्धाचे भीषण स्वरूप गे यांना समजले.

फोर टॉप्स या वृंदातील रेनाल्डो बेन्सन यांनी १९६९ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे निदर्शकांवर पोलिसांनी केलेला बळाचा वापर पाहिला होता. त्यावरून त्यांनी अल क्लीव्हलँड यांच्यासह एक गाणे रचण्यास घेतले. फोर टॉप्सने ते नाकारल्यावर बेन्सन ते घेऊन गे यांच्याकडे आले. गे यांनी त्यात शब्द व चाल यांची भर घालून त्याला अंतिम रूप दिले.

कंपनीशी मतभेद

जून १९७० मध्ये ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या शीर्षकगीताचे ध्वनिमुद्रण सुरू झाले. निर्माता स्वतः गे होते. त्यांनी स्वतंत्रपणे गायलेल्या दोन आवृत्त्या तंत्रज्ञाकडून चुकून एकाच वेळी वाजविल्या गेल्या. तो परिणाम आवडल्याने गे यांनी तो कायम ठेवला आणि स्वतःच्याच आवाजाला स्वतःची साथ देण्याची ही पद्धत पुढे त्यांच्या गायनाची ओळख बनली.

गॉर्डी यांना हे गाणे विक्रीच्या दृष्टीने निरुपयोगी वाटले. राजकीय आशयामुळे श्रोते दुरावतील, अशी त्यांना भीती होती. त्यांनी प्रकाशनास नकार दिल्यावर, हे गाणे प्रकाशित होईपर्यंत कंपनीसाठी नवे काहीही ध्वनिमुद्रित न करण्याचा निर्णय गे यांनी घेतला. अखेर जानेवारी १९७१ मध्ये कंपनीच्या इतर अधिकाऱ्यांनी गॉर्डी यांच्या संमतीविना गाणे बाजारात आणले. ते अमेरिकेच्या मुख्य क्रमवारीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्यानंतर गॉर्डी यांनी संपूर्ण अल्बमला अनुमती दिली.

ध्वनिमुद्रण व प्रकाशन

अल्बमचे उर्वरित काम मुख्यतः मार्च १९७१ मध्ये झपाट्याने पार पडले. डेव्हिड व्हॅन डीपिट यांनी वाद्यवृंदाचे संयोजन केले, तर बास गिटारवरील जेम्स जेमर्सन यांचे वादन विशेष गाजले. एकमेकांत गुंफलेली नऊ गाणी युद्धावरून परतलेल्या सैनिकाच्या दृष्टीतून बेकारी, अमली पदार्थ व पर्यावरणाचा ऱ्हास यांकडे पाहतात. २१ मे १९७१ रोजी अल्बम प्रकाशित झाला. वेष्टनावर वादकांची नावे छापण्यात आली. यातील तीन गाणी पहिल्या दहांत पोहोचली.

उत्तरायुष्य व मृत्यू

‘लेट्स गेट इट ऑन’ (१९७३) या अल्बमलाही मोठे यश लाभले. पुढे घटस्फोट, कर्जबाजारीपणा व अमली पदार्थांचे व्यसन यांनी गे ग्रासले गेले. १९८१ साली ते बेल्जियममधील ऑस्टेंड येथे राहावयास गेले. मोटाउन सोडल्यानंतर १९८२ साली आलेल्या ‘सेक्शुअल हीलिंग’ या गाण्यासाठी त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. १ एप्रिल १९८४ रोजी, ४५ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, घरातील भांडणात वडिलांनी झाडलेल्या गोळ्यांनी त्यांचा मृत्यू झाला.

सन्मान

१९८७ साली गे यांचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. २००३ साली ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ची निवड अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीसाठी झाली. रोलिंग स्टोन नियतकालिकाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या ५०० सर्वोत्तम अल्बमांच्या यादीत त्याला पहिले स्थान मिळाले.