फ्रँक काप्रा आणि त्यांचा नाताळचा चित्रपट

नाताळच्या दिवसांत इंग्रजी बोलपट पाहणाऱ्या आमच्या वाचकांस ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हे नाव अपरिचित नसावे. तो निर्माण करणाऱ्या गृहस्थांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहो.

फ्रँक काप्रा यांचा जन्म १८ मे १८९७ रोजी सिसिली बेटातील बिसाक्वीनो गावी एका गरीब कॅथलिक कुटुंबात झाला. १९०३ साली हे कुटुंब अमेरिकेस गेले. रस्त्यावर वर्तमानपत्रे विकून शिकलेल्या या मुलाने १९१८ साली रसायन अभियांत्रिकीची पदवी मिळविली. पण ओढा होता चित्रपटांकडे. पुढे दिग्दर्शनाची तीन ऑस्कर पारितोषिके त्यांस लाभली.

महायुद्ध संपताच, दुसऱ्याची चाकरी नको म्हणून त्यांनी सहकाऱ्यांसह लिबर्टी फिल्म्स ही कंपनी स्थापिली. पहिल्या चित्रपटास कथा घेतली ती फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न यांची. तीस प्रकाशक न मिळाल्याने लेखकाने १९४३ साली २०० प्रती छापून स्नेह्यांस नाताळची भेट म्हणून पाठविल्या होत्या. निराशेने प्राण देण्यास निघालेल्या एका मनुष्यास, तो जन्मासच आला नसता तर त्याच्या गावाचे काय झाले असते, हे चित्रपटात एक देवदूत दाखवितो.

चित्रण झाले १९४६ च्या ऐन उन्हाळ्यात! अंगाची लाही होत असता नटांस जाड कोट घालून हिमात धावावे लागले. तोवर हिम म्हणून मक्याचे रंगविलेले पोहे वापरीत. ते पायाखाली एवढे वाजत की संभाषणे मागाहून भरावी लागत. काप्रांच्या कारागिरांनी आग विझविण्याचा फेस व साबण यांचे मिश्रण करून आवाज न करणारे हिम बनविले.

अडले ते विक्रीपाशी. जाहिरातींत जेम्स स्ट्युअर्ट डॉना रीडला हसत उचलून घेत आहेत. नाताळची खूण नाही, दुःखाची तर नाहीच. मालाचे खरे नाव झाकून तो विकावयास काढणे आम्हांस तरी शहाणपणाचे वाटत नाही. २० डिसेंबर १९४६ रोजी तो न्यूयॉर्क येथे प्रथम झळकला, परंतु इतरत्र पोहोचला जानेवारीत, म्हणजे सण सरल्यावर. तीस लाख डॉलरांहून अधिक झालेला खर्च निघाला नाही. त्या वर्षीचे सर्वोत्तम चित्रपटाचे ऑस्कर काप्रांचेच भागीदार विल्यम वायलर यांच्या चित्रपटास गेले. १९४७ साली लिबर्टी फिल्म्स पॅरामाउंटला विकावी लागली, आणि ज्या स्वातंत्र्यासाठी एवढा खटाटोप केला तेच गेले.

१९७४ साली चित्रपटाच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण करावयाचे राहून गेले. हक्काचे पैसे पडत नाहीत असे पाहून दूरचित्रवाणी केंद्रे दर नाताळात तो पुनःपुन्हा दाखवू लागली, आणि अमेरिकेत तो घरोघरी पोहोचला. वृद्ध काप्रांनी हे सारे डोळ्यांनी पाहिले. ३ सप्टेंबर १९९१ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, कॅलिफोर्नियात त्यांचे देहावसान झाले.