नामदार गोखले आणि मिठाचा कर

सर्वांना एकाच दराने प्राप्तिकर लावणे न्याय्य, की मालाच्या विक्रीवर कर घेणे न्याय्य, असा प्रश्न सरांनी एकदा वर्गात विचारला. मी विक्रीकराच्या बाजूने हात वर केला. जो घेईल तो भरेल, यात अन्याय कसला, असे मला वाटे. माझे हे मत नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्राने बदलले.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. आमच्या निपाणीहून हद्द ओलांडली की लागणाऱ्या कागलमध्ये त्यांचे बालपण गेले. १८७९ मध्ये वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव शिक्षण सोडून पंधरा रुपयांच्या नोकरीला लागले आणि त्यातले आठ रुपये धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. रुपयाची किंमत गोपाळरावांना अशी घरातच कळली. १८८४ मध्ये ते बी. ए. झाले, पुढे फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक झाले. अंकगणिताचे पाठ्यपुस्तकही त्यांनी लिहिले.

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले. तेव्हा वर्षाला ५०० रुपये मिळविणाऱ्यालाही प्राप्तिकर होता. दर रुपयास चार पै, २००० रुपयांपासून पाच पै. म्हणजे जवळजवळ एकच दर. मिठावर मणाला अडीच रुपये कर होता. सरकारजवळ शिल्लक उरत असताना गरिबांवर हा भार कशासाठी, हे त्यांनी आकडे मांडून विचारले. १९०३ मध्ये प्राप्तिकराची मर्यादा १००० रुपये झाली आणि मिठाचा कर दोन रुपयांवर आला; १९०७ मध्ये तो एक रुपया झाला. सारे श्रेय एकट्या गोखल्यांचे नव्हे. पण गरिबाची बाजू हिशेबाने मांडता येते, हे त्यांनी दाखविले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, पन्नाशीही न गाठता, ते गेले.

प्राप्तिकराला मर्यादा घालून गरिबाला वगळता येते. मिठाच्या कराला तशी सोय नाही. सरदार आणि शेतमजूर दोघांनाही मीठ सारखेच लागते. आज मिठावर जीएसटी नाही, पण साबणावर आहे. माझी आई विड्या वळते. तिला प्राप्तिकर भरावा लागत नाही. मात्र साबणाच्या वडीवर ती कारखानदाराइतकाच कर भरते.

सरांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर मी प्राप्तिकरासाठी हात वर करीन. पण आधी मर्यादा किती, हे विचारून.