कमी बोलीच्या ठेकेदारांना साडेतीनशे वर्षांपूर्वी वैतागलेला इंजिनियर : वोबां

टेंडर उघडलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, एल-वन कोण? म्हणजे सगळ्यात कमी रकमेची बोली कुणाची? काम बहुतेक वेळा त्याच्याच पदरात पडतं. या पद्धतीत पैसे वाचत नाहीत, उलट बुडतात, असं एका फ्रेंच इंजिनियरने १६८३ साली थेट आपल्या युद्धमंत्र्याला कळवलं होतं. त्याचं नाव सेबास्तियन ल प्रेत्र द वोबां.

वोबांचा जन्म १६३३ सालचा, बर्गंडीतल्या एका खेड्यातला. घराणं सरदारांचं, पण पैसा बेताचा. तरुणपणी तो राजाविरुद्ध बंड करणाऱ्या कोंदेच्या फौजेत शिरला आणि १६५३ मध्ये पकडला गेला. मुख्यमंत्री माझारँने पोराची हुशारी हेरली आणि त्याला राजाच्या बाजूला वळवून घेतलं. दोन वर्षांत तो राजाचा इंजिनियर झाला. पुढे चौदाव्या लुईसाठी त्याने पन्नासच्या आसपास वेढे चालवले आणि दीडशेहून जास्त किल्ले बांधले किंवा सुधारले.

वेढ्यांमुळे त्याचं नाव झालं, पण आयुष्याचा मोठा भाग गेला बांधकामावर. लीलचा बालेकिल्ला घ्या. १६६७ मध्ये शहर जिंकलं आणि लगेच काम निघालं. त्याला सुमारे सहा कोटी विटा लागल्या असं सांगतात. तिथे त्याच्या हाताशी होता सिमॉन व्होलां, लीलचाच माणूस, बांधकामातला मुरलेला. असा गडी मिळाला की काम कसं सरकतं, हे वोबांने तिथे पाहिलं.

सगळीकडे असा गडी मिळत नव्हता. तेव्हा सरकारी कामांचा लिलाव व्हायचा, उलटा. जो कमी मागेल त्याला ठेका. गंमत म्हणजे ठेका दिल्यावरही कुणी आणखी कमीत करायला तयार झाला, तर पहिला करार मोडून काम त्याला द्यायचे. कागदावर खजिन्याची बचत दिसायची. प्रत्यक्षात कामं वर्षानुवर्षं रखडायची.

१६८३ च्या जुलैमध्ये वोबां ब्रिटनीजवळच्या बेल-ईल बेटावर होता. तिथून त्याने युद्धमंत्री लूव्वाला पत्र लिहिलं. लूव्वा म्हणजे साधा माणूस नव्हे, राजाच्या खालोखाल दरारा असलेला. तरी वोबांने भीड ठेवली नाही. रखडलेली कामं पुरी होणार नाहीत आणि याला हे पुन्हापुन्हा दर पाडणंच कारणीभूत आहे, असं त्याने सांगितलं. शब्द मोडणाऱ्या सरकारकडे ऐपतीचा, जाणकार ठेकेदार फिरकत नाही. उरतात ते कंगाल, लबाड नाहीतर अडाणी.

आणि तोट्यात गेलेला ठेकेदार काय करतो, हेही त्याने नीट मांडलं. बुडणाऱ्यासारखा तो हाताला लागेल ते धरतो. माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचे पैसे थकवतो, मजुरांना कमी देतो, स्वस्तातले वाईट कारागीर ठेवतो, हलका माल वापरतो, आणि प्रत्येक गोष्टीवर वाद घालत वाढीव रकमेसाठी गयावया करत राहतो. सरतेशेवटी काम महागही पडतं आणि वाईटही होतं. किल्ल्याच्या बाबतीत वाईट काम म्हणजे काय, ते तोफा सुरू झाल्यावर कळतं.

उपाय साधाच होता. कामाची वाजवी किंमत द्या, दिलेला शब्द पाळा, चोख काम करणाऱ्याला त्याचा रास्त नफा मिळू द्या. वोबांच्या हिशेबाने सगळ्यात स्वस्त सौदा हाच.

१६९१ मध्ये लूव्वा वारला. १७०३ मध्ये वोबां फ्रान्सचा मार्शल झाला, पण स्पष्ट बोलायची सवय काही गेली नाही. गरिबांवरचा कराचा बोजा कमी करून सगळ्यांना कर लावावा, असं सुचवणारं पुस्तक त्याने १७०७ मध्ये छापून घेतलं. सरकारने त्यावर बंदी घातली आणि त्याच वर्षी ३० मार्चला तो पॅरिसमध्ये वारला.

त्याचे बारा किल्ले आणि तटबंद्या २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. आणि लूव्वाला लिहिलेलं ते पत्र फ्रान्सच्या बांधकाम क्षेत्रातले लोक आजही एकमेकांना दाखवतात.