कै. शंकरराव चव्हाण : गोदाकाठचे मुख्यमंत्री

नांदेड शहराच्या वरच्या अंगास, गोदावरीच्या काठी, विष्णुपुरी नावाचे गाव आहे. तेथील बंधाऱ्यावर उभे राहून पाहिले असता एका बाजूस दूरवर पसरलेला जलाशय दिसतो आणि दुसऱ्या बाजूस नदीचे रुंद पात्र दिसते. ह्या जलाशयास शंकरसागर असे म्हणतात. तळ्यास माणसाचे नाव मिळणे ही साधी गोष्ट नव्हे. ज्याने पाण्यासाठी आयुष्य वेचले त्यासच हा मान शोभतो. असा मान ज्यांस लाभला, त्या कै. शंकरराव भाऊराव चव्हाण यांचे चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम मुख्यमंत्री म्हणजे कोण, हे थोडक्यात पाहू. आपला मराठवाडा पूर्वी निजामाच्या राज्यात होता. तेथे राज्यकारभार दिवाण पाही. सर सालारजंग यांच्यासारख्या कर्तबगार दिवाणाने 1853 पासून 1883 पर्यंत तीस वर्षे तो भार वाहिला. परंतु दिवाणास नेमणारा निजाम आणि काढणाराही निजामच. प्रजेस त्यात काडीचाही अधिकार नव्हता. 1948 च्या सप्टेंबरात ते राज्य भारतात विलीन झाले, 1952 साली हैदराबाद राज्यास लोकनियुक्त मुख्यमंत्री लाभला, 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य जन्मास आले. आपल्या राज्यघटनेप्रमाणे मुख्यमंत्र्यास राज्यपाल नेमतात. पण विधानसभेतील बहुमत पाठीशी असल्यावाचून त्याचे आसन टिकत नाही. त्याचे मंत्रिमंडळ त्या सभेस सामुदायिक रीतीने जबाबदार असते. दिवाण राजाचा कारभारी होता, मुख्यमंत्री हा लोकांचा कारभारी आहे. हा भेद ध्यानी ठेवला म्हणजे पुढील चरित्राचे मर्म कळेल.

शंकररावांचा जन्म 14 जुलै 1920 रोजी पैठण येथे झाला. संत एकनाथांच्या ह्या नगरीत गोदामाईच्या सान्निध्यात त्यांनी प्रथम डोळे उघडले. मद्रास विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठात कायद्याचा अभ्यास केला. वकिलीत सुखाने दिवस काढता आले असते. परंतु स्वामी रामानंद तीर्थ यांनी निजामी जुलुमाविरुद्ध चळवळ उभारली तेव्हा हा तरुण तीत सामील झाला. पुढे नांदेड हीच त्यांची कर्मभूमी झाली. तेथील नगरपालिकेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. रस्ते, दिवे, नळ, गटारे ह्यांच्या चिंतेत लोककार्याचे पहिले धडे त्यांनी गिरविले. मोठ्या पदाची पायरी अशी लहान कामातूनच चढावी लागते, हे आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

1956 साली ते उपमंत्री झाले, आणि 1960 पासून बारा वर्षे त्यांनी महाराष्ट्राचे पाटबंधारे खाते सांभाळले. हाच त्यांच्या आयुष्याचा खरा अध्याय होय. मराठवाड्यावर पाऊस रुसलेला असतो. गोदावरी दाराशी वाहत असूनही शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसे. नदीवर मोठे धरण व्हावे असा विचार फार दिवसांचा होता. आरंभी ते बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळ बांधावयाचे योजिले होते. पुढे जागा बदलून ती पैठणास आली, तरी नाव मात्र जायकवाडी हेच राहिले. 18 ऑक्टोबर 1965 रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा तो मातीचा बांध आणि त्याचे सत्तावीस दरवाजे पाहून आजही प्रवासी थक्क होतो. ज्या गावी शंकररावांचा पाळणा हलला, त्याच गावी त्यांच्या कारकिर्दीत हा नाथसागर निर्माण झाला. हे कार्य विनामूल्य झाले नाही. काठची अनेक गावे पाण्याखाली गेली, अनेकांस वाडवडिलांची भूमी सोडावी लागली. ज्याच्या शेतास पाणी मिळाले त्याने ज्याचे शेत बुडाले त्याचे ऋण विसरू नये.

21 फेब्रुवारी 1975 रोजी शंकरराव महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. मराठवाड्यास हा मान प्रथमच मिळत होता. कारभारातील त्यांची शिस्त एवढी कडक होती की लोक त्यांस हेडमास्तर म्हणू लागले. वेळेवर येणे, कागद स्वतः वाचणे, शिफारशीस भीक न घालणे हा त्यांचा बाणा होता. सावकारी पाशात सापडलेल्या लहान शेतकऱ्यांस व भूमिहीन मजुरांस मोकळे करणारा कर्जमुक्तीचा कायदा त्यांच्याच राजवटीत झाला. 24 फेब्रुवारी 1976 रोजी जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले, तेव्हा ते मुख्यमंत्रिपदी होते.

येथे चरित्रकाराने आपली लेखणी आवरू नये. त्याच काळात, म्हणजे 1975 च्या जूनपासून 1977 च्या मार्चपर्यंत, देशात आणीबाणी होती. वर्तमानपत्रांचे तोंड बंद होते, अनेक लोकसेवक खटल्यावाचून तुरुंगात होते. 1976 साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या कुटुंबनियोजनाचे विधेयकही संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, हे आपले सुदैव. ज्याने तरुणपणी निजामाच्या अनियंत्रित सत्तेशी झुंज घेतली, त्याच्याच राजवटीत लोकांच्या तोंडाला कुलूप लागावे, ही गोष्ट आम्हांस दुःख देते. शिस्त हा मोठा गुण खरा. परंतु शिस्त स्वतःला लावावयाची असते तेव्हाच ती निर्मळ असते. लोकांवर ती सक्तीने लादली की तिचा जुलूम होण्यास वेळ लागत नाही. हेडमास्तरांच्या शाळेतही मुलांस प्रश्न विचारण्याची मुभा असलीच पाहिजे.

1977 च्या निवडणुकीत लोकांनी आपला कौल दिला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात शंकररावांनी पद सोडले. दिवाण रुष्ट राजाच्या भीतीने जाई, मुख्यमंत्री लोकमताच्या आदराने जातो. पुढे शरद पवार यांच्या मंत्रिमंडळात त्यांनी मंत्री म्हणून काम केले. हेच पवार पूर्वी शंकररावांच्या मंत्रिमंडळात मंत्री होते. काल ज्याचे आपण प्रमुख होतो, आज त्याच्या हाताखाली काम करावयाचे, हे मनाचा मोठेपणा असल्याखेरीज साधत नाही. 1980 नंतर ते दिल्लीस गेले. शिक्षण, नियोजन, संरक्षण आणि गृह अशी खाती त्यांनी क्रमाने सांभाळली.

1986 च्या मार्च महिन्यात त्यांस दुसऱ्यांदा महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद मिळाले. त्यांच्या अगोदरचे मुख्यमंत्री लातूर जिल्ह्यातील शिवाजीराव पाटील निलंगेकर हे होते. शंकररावांनी ह्या वेळी शून्याधारित अर्थसंकल्पाची पद्धत आणली. गेल्या वर्षी अमुक खर्च झाला म्हणून यंदा त्याहून थोडा अधिक मागावयाचा, ही सर्व खात्यांची जुनी खोड. नव्या पद्धतीत प्रत्येक खात्याने शून्यापासून हिशेब मांडावा आणि प्रत्येक रुपया का हवा ते सिद्ध करावे, असा दंडक होता. अर्थातच तो अनेकांस रुचला नाही. 1988 च्या जूनमध्ये ते पायउतार झाले आणि केंद्रात अर्थमंत्री झाले. 1991 ते 1996 ह्या काळात ते पुन्हा देशाचे गृहमंत्री होते. 1992 च्या डिसेंबरात अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेली तेव्हा ते त्या पदावर होते, आणि त्याबद्दल त्यांच्यावर कठोर टीका झाली. 26 फेब्रुवारी 2004 रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. त्यांचे चिरंजीव अशोकराव हे 2008 साली मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्रात पितापुत्रांनी हे पद भूषविल्याचे ते पहिले उदाहरण होय.

आता पुन्हा विष्णुपुरीस येऊ. येथे नदीचे पात्र खोल आणि काठची जमीन उंच, म्हणून साध्या कालव्याने पाणी शेतात चढत नाही. यासाठी अठरा दरवाज्यांचा बंधारा घालून पावसाळ्याच्या अखेरीचे पाणी अडविले आणि यंत्रांनी ते वर उचलून कालव्यांत सोडण्याची योजना केली. नांदेडकरांची तहान ह्याच जलाशयावर भागते. जवळच अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, 1994 साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, आणि शंकररावांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गुरूच्या नावाचे विद्यापीठ आणि शिष्याच्या नावाचा जलाशय असे शेजारी शेजारी नांदत आहेत. तरीही ज्या वर्षी वरच्या भागात पाऊस रुसतो, त्या वर्षी हे तळेही आटते, आणि वरच्या धरणांतून पाणी मिळावे म्हणून खालच्यांस विनवणी करावी लागते. नदी एकच, पण वरचा आणि खालचा यांत न्याय कोणी करावयाचा? तो राज्याच्या प्रमुखानेच करावयाचा असतो. त्याने कोणत्याही एका जिल्ह्याचे होऊन चालत नाही.

शुभवर्तमानात विश्वासू कारभाऱ्याचा दृष्टान्त आहे. धनी परत येतो तेव्हा कारभाऱ्यास सोपविलेल्या ठेव्याचा हिशेब द्यावा लागतो. लोकराज्यात धनी म्हणजे आपणच. शंकररावांच्या हिशेबात जमेच्या बाजूस पाणी, काटकसर आणि स्वच्छ हात आहेत. खर्चाच्या बाजूस आणीबाणीची ती वर्षे आहेत. दोन्ही बाजू वाचल्यावाचून बेरीज करू नये. आज वर्गात बसलेल्या मुलामुलींपैकी कोणी उद्या ग्रामपंचायतीत, कोणी नगरपालिकेत, कोणी कदाचित त्या उच्च आसनावरही बसेल. बाकीचे सारे मतदार होतील, आणि मतदाराचे काम हिशेब मागण्याचे आहे. विष्णुपुरीच्या बंधाऱ्यावर सहलीस जाल तेव्हा त्या पाण्याकडे क्षणभर पाहा. ते कोणी अडविले, कोणासाठी अडविले आणि त्यासाठी कोणी काय सोसले, हे तीन प्रश्न मनाशी विचारा. ह्या थोर पुरुषाचे स्मरण करण्याचा याहून चांगला मार्ग आम्हांस तरी दिसत नाही.