एट्रिकचा मेंढपाळ : जेम्स हॉग

आपल्या समाजाच्या स्मरणिकेत थोर पुरुषांची आणि स्त्रियांची चरित्रे देण्याचा परिपाठ आहे. सुभेदार मल्हारराव होळकर आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी यांच्या चरित्रांतील प्रसंग तर आपल्या घरांतील लहान मुलांनाही मुखोद्गत असतात. यंदा आम्ही ज्या पुरुषाचे चरित्र सादर करीत आहोत, त्याचा आपल्या देशाशी वा आपल्या कुळाशी काडीचाही संबंध नाही. तो स्कॉटलंडचा रहिवासी. परंतु त्याचा धंदा आपला होता. खांद्यावर घोंगडी, हाती काठी आणि पुढे मेंढरे, अशा स्थितीत ज्याच्या आयुष्याची निम्मी वर्षे गेली आणि ज्याच्या नावामागे मेंढपाळ हीच पदवी कायमची राहिली, त्याला परका म्हणावयास आमचे मन घेत नाही.

जेम्स हॉग याचा जन्म स्कॉटलंडच्या दक्षिण भागातील सेल्कर्कशायर परगण्यात, एट्रिक नदीच्या खोऱ्यात झाला. चर्चच्या दप्तरात त्याच्या नामकरणाची नोंद ९ डिसेंबर १७७० ची आहे. तो स्वतः मात्र आपला जन्म २५ जानेवारी १७७२ चा असे सांगत असे. त्या देशाचा लाडका कवी रॉबर्ट बर्न्स याचीही जन्मतिथी २५ जानेवारीच. तेव्हा ही तारीख जेम्सने हौसेने पत्करली असावी, असा आमचा तर्क आहे. बापाचे नाव रॉबर्ट, आईचे मार्गारेट लेडलॉ. बापाने मेंढरांच्या व्यापारात उडी घेतली आणि मुलगा सहा-सात वर्षांचा असताना त्याचे दिवाळे वाजले. घरदार लिलावात गेले. जेम्सची शाळा सारी मिळून सहा महिन्यांची. सातव्या वर्षी तो शेजारच्या शेतकऱ्याकडे गाई वळावयास राहिला. सहा महिन्यांच्या चाकरीचे वेतन ठरले एक मेंढीचे कोकरू आणि नव्या जोड्यांचा एक जोड. पहिली कमाई कोकराच्या रूपाने हाती येणे हे आपल्याकडील कितीतरी वडीलधाऱ्यांच्या अनुभवाचे आहे.

पुढे गाई सुटल्या आणि मेंढरे आली. चौदाव्या वर्षी त्याने पाच शिलिंग साठवून एक सारंगी विकत घेतली आणि गोठ्यात निजण्यापूर्वी ती वाजवीत बसू लागला. अक्षरे तो जवळजवळ विसरला होता, ती पुन्हा स्वतःच शिकला. १७९० ते १८०० अशी दहा वर्षे त्याने यॅरो खोऱ्यातील ब्लॅकहाउस येथे चाकरी केली. धन्याने आपली पुस्तके त्याला मोकळी करून दिली आणि धन्याचा मुलगा विल्यम लेडलॉ त्याचा जिवलग स्नेही झाला. ज्या साली, म्हणजे १७९५ मध्ये, महेश्वरी अहिल्यादेवींनी देह ठेवला, त्या साली हा पंचविशीच्या आतला तरुण शाईची दौत अंगरख्याच्या गुंडीला टांगून डोंगरावर मेंढरांमागे कविता जुळवीत होता.

कवी म्हणून त्याची योग्यता विद्वानांनी सांगितलीच आहे. आम्हांस विशेष सांगावयाचे आहे ते त्याच्या दुसऱ्या विद्येविषयी, म्हणजे कुत्रा, कोकरू आणि मेंढपाळ या तिघांच्या व्यवहाराविषयी. ही विद्या त्याने लिहून ठेवली म्हणून आज ती आपल्या हाती आहे. ज्यांनी लिहिली नाही त्यांची त्यांच्याबरोबर मातीत गेली.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. आपल्याकडील मेंढपाळाचा कुत्रा मुख्यतः राखणदार. लांडगा आणि चोर यांपासून वाडा राखावा हे त्याचे काम. मेंढरे वळण्याचे काम मेंढपाळ शीळ, हाळी आणि काठी यांवर भागवितो. स्कॉटलंडातील लांडगा हॉगच्या जन्मापूर्वीच नामशेष झाला होता. शिवाय तेथील मेंढरे दिवसरात्र उघड्या डोंगरावर मैलोगणती पसरलेली असत. म्हणून तेथे कुत्र्याचे काम राखणीचे न राहता वळणीचे झाले. तो लांबून मोठा वळसा घेऊन कळपाच्या पाठीशी जातो, अंग जमिनीलगत चोरून डोळा रोखतो आणि न भुंकता, न चावता सारा कळप धन्याच्या पायाशी आणून उभा करतो. हॉगचे स्वच्छ मत होते की कुत्रा नसता तर स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाला कवडीचीही किंमत आली नसती. मेंढरे गोळा करावयास इतकी माणसे लागली असती की कळपाचे उत्पन्न त्यांच्या पोटालाही पुरले नसते.

त्याच्या कुत्र्यांत अग्रपूजेचा मान सिरा याचा. एका हेड्याच्या मागे दोरीने बांधलेला, उपाशी, अंगाने वाळलेला आणि मुद्रेने घुम्या असा हा कुत्रा हॉगने पाहिला. हेड्याने तो एका पोराकडून तीन शिलिंगांना घेतला होता. त्या पडेल चेहऱ्यामागे काहीतरी आहे असे हॉगला वाटले आणि त्याने एक गिनी, म्हणजे घेतल्या किमतीच्या सातपट, मोजून तो विकत घेतला. त्या वेळी कुत्रा जेमतेम वर्षाचा होता आणि त्याने जन्मात एक मेंढरू वळविले नव्हते. परंतु धन्याला काय हवे आहे हे उमगताच तो नाना तऱ्हांनी यत्न करू लागे, आणि एकदा कळलेली गोष्ट तो कधी विसरला नाही.

त्याची खरी परीक्षा कोकरांनी घेतली. कोकरांचे दूध तोडण्याचा हंगाम होता. अशी सुमारे सातशे कोकरे, म्हणजे आपल्या हिशेबाने पस्तीस खंडी, हॉग आणि एक सोबती यांच्या ताब्यात होती. दूध तुटलेले कोकरू किती हट्टी असते हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. त्याच्यापुढे वाट दाखविणारी मेंढी नसते, कुत्र्याचा इशारा त्याला अजून कळत नसतो, आणि त्याचे सारे चित्त आईच्या दिशेला ओढलेले असते. मध्यरात्री ती कोकरे एकाएकी उधळली आणि तीन टोळ्या करून डोंगरात तीन बाजूंना पळाली. अंधार इतका की हातचे दिसेना. हॉगने सिराला हाक मारून कोकरे गेल्याचे तेवढे सांगितले. कुत्रा कोठे गेला हेही त्याला दिसले नाही. दोघे गडी रात्रभर मैल न् मैल हिंडले. उजाडले तरी ना कोकरे, ना कुत्रा. आता धन्यापुढे जाऊन सारा कळप गमावल्याचे सांगण्यावाचून गत्यंतर नाही असे ठरवून ते माघारी वळले, तो फ्लेश क्लूख नावाच्या खोल घळीच्या तळाशी त्यांना कोकरांचा जमाव दिसला. समोर सिरा उभा होता आणि कोणी मदतीला येते काय म्हणून चहूकडे पाहात होता. प्रथम त्यांना वाटले, तीनांपैकी एक टोळी तरी सापडली. मोजून पाहतात तो सातशेच्या सातशे. एक कोकरू उणे नव्हते. तीन टोळ्या अंधारात एकट्याने कशा एकत्र केल्या, याचा उलगडा हॉगला जन्मभर झाला नाही.

दूध तोडलेल्या कोकराहूनही अवघड जात म्हणजे वरच्या दुधावर वाढलेले आईवेगळे कोकरू. आपल्या बिऱ्हाडांतून बाया अशा कोकराला शेळीचे दूध पाजून जगवितात. ते पोरांबरोबर खेळते, चुलीपर्यंत येते, आणि पुढे कळपात घातले तरी स्वतःला मेंढरू मानीत नाही. कुत्र्याची सारी विद्या मेंढराच्या दोन स्वभावांवर उभी आहे: एक, परक्या जनावरापासून अंतर राखणे, दुसरा, भय वाटताच आपल्या जातीत मिसळणे. हाताने वाढविलेल्या कोकरात हे दोन्ही दुबळे असतात. कुत्रा डोळा रोखतो, तर ते त्याच्याकडे टकमक पाहते. तो पुढे सरकतो, तर ते पाय आपटून उभे राहते, वेळी डोकेही मारते, किंवा सरळ माणसाकडे धावते. नवशिका कुत्रा अशाने खचतो, नाहीतर चिडून चावावयास शिकतो, आणि एकदा चावरा झालेला कुत्रा मेंढपाळाच्या कामातून गेला. जाणता मेंढपाळ अशा वेळी कुत्र्याला मागे, लांब ठेवतो, त्याला घाई करू देत नाही. हट्टी कोकरांत दोन-चार शांत, वळणाला लागलेल्या मेंढ्या सोडतो आणि स्वतः पुढे चालू लागतो. कोकरे माणसाच्या लळ्याने निघतात, मेंढ्यांच्या संगतीने चालू लागतात, आणि मागचा कुत्रा आपोआप कळपाचा भाग होतो.

म्हणूनच कोकरू हातावर वाढविण्याची पाळी शक्यतो येऊ नये अशी डोंगरी मेंढपाळांची रीत असे. मेलेल्या कोकराचे कातडे सोलून ते आईवेगळ्या कोकराच्या अंगावर बांधीत, म्हणजे वासावरून मेंढी त्याला आपले समजून लावून घेई. हॉग विलेन्सली येथे चाकरीस असता एप्रिलअखेर रात्री बर्फ पडून कित्येक कोकरे मेली. बदली देण्यास पुरेशी कोकरे नव्हती. घरापासून चार मैलांवर एक मेंढी मेलेल्या कोकरापाशी उभी होती. तिला एखादे कोकरू द्यावे म्हणून हॉगने धन्याची विनवणी केली. धन्याने ऐकले नाही. पुढे हॉग रोज सकाळ-संध्याकाळ तिकडे फेरी घाली. मेंढी दोन-तीन पावलांपलीकडे हललेली नसे, आणि त्याचा कुत्रा जवळ येताच ती पाय आपटून, नाक फुरफुरवून त्याच्यावर धावून जाई. कोकराचे अवशेष उरले तोवर तिने ती जागा सोडली नाही. ज्या धन्याने नकार दिला त्याला मेंढ्यांचा हिशेब कळत होता, मेंढी कळत नव्हती, असे आम्हांस वाटते.

२४ जानेवारी १७९४ च्या रात्री आलेल्या हिमवादळाचे हॉगने केलेले वर्णन तर अंगावर काटा आणते. त्या टापूत सतरा मेंढपाळ मृत्युमुखी पडले. पुराचे पाणी ओसरल्यावर सॉलवे खाडीच्या तोंडाशी जी प्रेते लागली त्यांत १८४० मेंढरे आणि ४५ कुत्रे होते. गंमत अशी की त्याच रात्री तरुण मेंढपाळांची एक वाचन-मंडळी जमावयाची होती. या पोरांच्या पुस्तकी उचापतींमुळेच सैतान जागा होऊन वादळ आले, असे गावकरी खुशाल बोलू लागले. हॉग वादळाची चिन्हे पाहून वाटेतूनच परतला होता आणि त्याने आपला कळप राखला. तरी बोल त्याच्याही माथी आला. शिकणाऱ्या मुलाला घरच्यांनीच नावे ठेवावीत, हा अनुभव कोणत्याही एका देशाचा नव्हे.

१८०२ साली सर वॉल्टर स्कॉट लोकगीते जमवीत त्या खोऱ्यात आले. हॉगच्या आईने त्यांना गीते म्हणून दाखविली आणि गाण्यासाठी असलेली गीते छापून तुम्ही ती बिघडविलीत, असे तोंडावर सुनावलेही. १८०७ साली हॉगची दोन पुस्तके निघाली, एक कवितांचे आणि दुसरे मेंढरांच्या रोगांवरील. दोन्हींचे मिळून सुमारे ३०० पौंड हाती आले, ते त्याने शेती खंडाने घेऊन घालविले. मायदेशी परतला तर दिवाळखोर म्हणून कोणी मेंढपाळाची चाकरीही देईना. फेब्रुवारी १८१० मध्ये घोंगडी खांद्यावर टाकून तो एडिंबरोस चालता झाला. वयाच्या चाळिशीत, हाती कपर्दिक नसता, लेखणीवर पोट भरावयास निघणे हे धाडस सामान्य नव्हे. द स्पाय नावाचे साप्ताहिक त्याने वर्षभर चालविले. १८१३ च्या द क्वीन्स वेक या काव्याने त्याला देशभर कीर्ती दिली. १८१५ मध्ये बक्लूच्या ड्यूकने आल्ट्राइव्ह येथील लहानशी जमीन त्याला हयातभर बिनखंडी दिली.

त्या देशाच्या मेंढपाळाची घोंगडी काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची असते आणि तिच्या एका टोकाला शिवलेल्या खोळीत तान्हे कोकरू नेता येते. हॉग ती घेऊन एडिंबरोच्या दिवाणखान्यांत वावरला आणि शहरी मंडळींना त्याची मोठी मौज वाटली. ब्लॅकवुडच्या मासिकात १८२२ पासून पुढे कित्येक वर्षे जे विनोदी संवाद येत, त्यांत एट्रिकचा मेंढपाळ हे पात्र त्याच्यावरून बेतलेले असे: प्यालेले, बडबडे, अडाणी पण मधूनच काव्य बोलणारे. त्याला याचे दुःख होई; पण त्याच मासिकाच्या मानधनावर त्याचे घरही चाले. १८२४ साली त्याने एका धर्मवेड्या पापी माणसाची कादंबरी निनावी प्रसिद्ध केली. त्या वेळी ती फारशी कोणी वाचली नाही. १९४७ साली आंद्रे जीद या फ्रेंच लेखकाच्या प्रस्तावनेसह ती पुन्हा निघाली, आणि आज इंग्रजीतील श्रेष्ठ कादंबऱ्यांत तिची गणना होते. ज्या विद्वानांनी त्याला हसून घेतले, त्यांची पुस्तके आता कोण उघडतो?

१८२० मध्ये त्याने मार्गारेट फिलिप्स हिच्याशी विवाह केला. पाच मुले झाली. लगोलग माउंट बेंजरची मोठी शेती खंडाने घेऊन तो पुन्हा बुडाला. सातशे कोकरांतील एकही न गमावणाऱ्या कुत्र्याच्या या धन्याला पैसा मात्र कधी वळता आला नाही. हेक्टर हा सिराचा पोर. त्याच्या म्हातारपणी हॉगने त्याच्यावर कविता केली. या हेक्टरला गाण्याचे विलक्षण वेड. एकदा एट्रिकच्या चर्चमध्ये स्तोत्राला सूर देण्याचे काम हॉगकडे आले असता कुत्र्याने असा काही साथीचा सूर लावला की हॉगला ते काम सोडावे लागले. १८२९ साली शेफर्ड्स कॅलेंडर या पुस्तकात मेंढपाळी जीवनावरील त्याचे लेख एकत्र झाले. वर सांगितलेली वादळाची हकीकत त्यातलीच आहे.

२१ नोव्हेंबर १८३५ रोजी आल्ट्राइव्ह येथे त्याचे देहावसान झाले. जन्मघराजवळच एट्रिकच्या चर्चच्या आवारात त्याला मूठमाती देण्यात आली. १८६० साली सेंट मेरी सरोवराच्या काठी त्याचा दगडी पुतळा उभारला गेला. शिल्पकार अँड्र्यू करी याने त्याला बसलेला, अंगावर घोंगडी घेतलेला असा घडविला आहे, आणि पायाशी कुत्रा आहे.