पाद्री थॉमस स्टीफन्स व त्यांचें पुराण

राखेच्या बुधवारीं कपाळास भस्म लागतें न लागतें तोंच आपल्या वऱ्हाडांत उन्हाची पहिली झळ जाणवूं लागते. मग उपवास, दानधर्म आणि शुक्रवारची क्रुसाची वाट हा क्रम चालू होतो. प्रभूच्या दुःखसहनाची कथा त्या दिवसांत आपण मराठींत ऐकतों, व त्यांत कांहीं विशेष आहे असें आपणांस वाटतही नाहीं. चारशें वर्षांपूर्वीं ती कथा ज्यांनीं मराठी ओवींत विस्तारानें गायिली, त्या पाद्री थॉमस स्टीफन्स यांचें चरित्र या महोत्सवी पुस्तिकेंत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

स्टीफन्स यांचा जन्म सुमारें १५४९ सालीं इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत झाला. वडील व्यापारी होते. त्या काळीं त्या देशांत कॅथोलिक धर्म उघडपणें पाळणें धोक्याचें होतें. थॉमस पाउंड या स्नेह्याबरोबर रोमला जाण्याचा त्यांचा बेत होता. परंतु पाउंड पकडले गेले व त्यांच्या आयुष्याचीं पुढील जवळजवळ तीस वर्षें बंदिवासांत गेलीं. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोंचले आणि १५७५ सालीं येशूसंघांत दाखल झाले.

४ एप्रिल १५७९ रोजीं त्यांचें गलबत लिस्बनहून निघालें. आम्हीं जुन्या पंचांगाचा हिशेब करून पाहिला, तों त्या वर्षीं ईस्टर १९ एप्रिलला आल्याचें आढळलें. म्हणजे झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा दिवस हे सर्व त्यांना भर समुद्रांत उजाडले! सहा महिन्यांहून अधिक काळ चाललेल्या त्या प्रवासांत हिरड्या व पाय सुजण्याच्या रोगानें माणसें कशीं हैराण होतात, हें त्यांनीं वडिलांस पत्रानें कळविलें आहे. २४ ऑक्टोबरला ते गोव्यास उतरले, व पुढील सुमारें चाळीस वर्षें बहुतेक साष्टी प्रांतांतच राहिले.

१५८३ सालीं कुंकळ्ळी येथें पाद्री रुडॉल्फ आक्वाविवा व त्यांचे चार सहकारी मारले गेले. त्यांचीं प्रेतें मिळवून आणण्याचें कठीण काम स्टीफन्स यांनीं केलें. गांवकऱ्यांचीं देवळें सरकारनें आधींच पाडलेलीं होतीं, हेंही येथें सांगितलें पाहिजे; तें गाळून लिहिलेलें चरित्र आमच्या मतें अर्धवट होय. त्याच वर्षीं भावास लिहिलेल्या पत्रांत या देशाच्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशीं जुळते, असें निरीक्षण त्यांनीं नोंदविलें.

नव्यानें ख्रिस्ती झालेल्यांचीं जुनीं पुराणें हातचीं गेलीं होतीं. त्यांऐवजीं वाचावयास काय, असा प्रश्न साष्टींतील एका ख्रिस्ती ब्राह्मणानें पाद्रींना केल्याचा प्रसंग पुराणाच्या आरंभींच आहे. प्रश्न रास्त होता. माणसाचें एक गाणें काढून घेतलें आणि दुसरें दिलें नाहीं, तर त्याचा उपवास कोरडा राहतो. स्टीफन्स यांचें उत्तर म्हणजे सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण! पहिल्या भागांत जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यांत प्रभूचें चरित्र आहे. हा ग्रंथ १६१६ सालीं रायतूर येथें छापला गेला, पण रोमी अक्षरांत. देवनागरीचे खिळे तेथें नव्हते. आपल्या अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपुरास महानुभावांनीं आपल्या स्वामींच्या लीळा मराठींत लिहून ठेवल्या, त्या याच्या सुमारें तीनशें वर्षें आधीं. स्टीफन्स विलायतेंतून येऊन त्याच भाषेचे झाले, याचा आम्हां वऱ्हाडकरांस अधिकच आनंद वाटतो.

१६१९ सालीं ते वारले. त्यांची कोंकणी धर्मशिक्षणाची पोथी १६२२ त व व्याकरण १६४० त छापलें गेलें. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें लोकांनीं तीन वर्षांत स्वभाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. पुराणाच्या जुन्या छापील प्रतींपैकीं आज एकही उपलब्ध नाहीं. तें टिकलें तें हस्तलिखितांतून. १९०७ सालीं मंगळुरास सालढाणा यांनीं तें रोमी लिपींत पुन्हा छापिलें, आणि १९५६ सालीं पुण्यास शांताराम बंडेलू यांनीं देवनागरींत आणिलें.

गेल्या प्रायश्चित्तकाळांत क्रुसाची वाट झाल्यावर आम्हीं कांहीं जणांनीं त्यांतील दुःखसहनाचा भाग मोठ्यानें वाचून पाहिला. तरुणांना शब्द पदोपदीं अडत होते. दोन वृद्ध बाया मात्र तिसऱ्या ओवीपासूनच सुरांत सूर मिळवूं लागल्या.