कर्मवीर अण्णा

भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते. ओगल्यांचे कंदील अन् किर्लोस्करांचे नांगर विकीत ते गावोगाव हिंडले, आणि रयतेचे अज्ञान त्यांनी जवळून पाहिले. १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत. धान्य संपले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. (आणि आपण गॅदरिंगच्या वर्गणीसाठी कुरकुरतो!) तरीही मुलांनी केवळ दानावर शिकावे, हे अण्णांना रुचत नसे. स्वकष्टाने शिकणारा कुणाचा मिंधा राहत नाही, ही त्यांची धारणा. म्हणूनच १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेही ‘कमवा आणि शिका’ याच तत्त्वावर. फीसाठी सावकाराचे दार न ठोठावता शेतकऱ्यांची पोरे पदवीच्या वर्गात बसली.